नवी गाडी सदोष निघाली तर कायदा काय देतो?

पेढे वाटून, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढून घरी आणलेली गाडी महिन्याभरातच वर्कशॉपमध्ये जाऊन उभी राहते, तेव्हा मालक सहसा घाबरत नाही. एवढी मोठी कंपनी आहे, वॉरंटी आहे, देतील करून, असे त्याला वाटते. मग तोच बिघाड दुसऱ्यांदा होतो, तिसऱ्यांदा होतो. सर्व्हिस ॲडव्हायझर "सर, या मॉडेलला एवढा आवाज येतोच" असे सांगू लागतो. कर्जाचा हप्ता मात्र बँक न चुकता कापून घेते. या टप्प्यावर बरेच मालक हात टेकतात आणि गाडी मिळेल त्या किमतीला विकून मोकळे होतात. काही जण शोरूमसमोर गाडीला गाढवे जुंपून व्हिडिओ काढतात. दोन्ही प्रकारांत हातात असलेला कायदा तसाच पडून राहतो.

सदोष गाडीच्या मालकाच्या मागे आपला ग्राहक संरक्षण कायदा भक्कमपणे उभा आहे. मात्र त्याला लागणारा पुरावा ग्राहक आयोगाच्या दालनात तयार होत नाही. तो पहिल्या काही महिन्यांत, वर्कशॉपच्या काउंटरवर, जॉब कार्डाच्या एकेका ओळीतून तयार होतो. ही गोष्ट वेळेत कळली, तर अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.

दोष कोणता आणि कोणाचा?

१९८६ च्या जुन्या कायद्याची जागा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातली ‘दोषा’ची व्याख्या चांगलीच रुंद आहे. वस्तूचा दर्जा, क्षमता किंवा मानक कायद्यानुसार, करारानुसार किंवा विक्रेत्याने केलेल्या दाव्यानुसार जसे असायला हवे, त्यात राहिलेली कोणतीही उणीव म्हणजे दोष. म्हणजे इंजिन बंद पडणे हा दोष आहेच, शिवाय माहितीपत्रकात छापलेली सोय गाडीत प्रत्यक्षात नसणे हाही दोष ठरू शकतो.

तक्रार करण्याआधी एक वर्गवारी मनाशी पक्की करावी. पहिला प्रकार उत्पादनातल्या दोषाचा: गिअरबॉक्स, इंजिन, बॅटरी, वायरिंग यांत कारखान्यापासूनच असलेली खोट. दुसरा प्रकार विक्रीतल्या फसवणुकीचा: जुन्या वर्षाची, डेमोसाठी वापरलेली किंवा अपघातानंतर रंगवलेली गाडी नवी म्हणून गळ्यात मारणे. तिसरा प्रकार सेवेतल्या त्रुटीचा: वॉरंटीतली दुरुस्ती टाळणे, गाडी आठवडेच्या आठवडे अडकवून ठेवणे, गरज नसलेले काम करून बिल लावणे. पहिल्यात मुख्य जबाबदारी उत्पादक कंपनीची, दुसऱ्यात विक्रेत्याची, तर तिसऱ्यात सेवा देणाऱ्याची असते.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे गोव्यातल्या एका खटल्यातून दिसते. तिथल्या एका ग्राहकाने २०११ साली नव्या गाडीचे पूर्ण पैसे भरले. डीलरने हाती दिली ती २००९ ची, ६२२ किलोमीटर चाललेली, खालच्या बाजूने गंजलेली आणि ओरखडे पडलेली गाडी. खालच्या आयोगांनी डीलर आणि टाटा मोटर्स या दोघांनाही जबाबदार धरले. पण १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्यातून मोकळे केले. कंपनी आणि डीलर यांचे नाते स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते, आणि डीलरने काय केले हे कंपनीला ठाऊक होते असा पुरावाच नव्हता. त्यामुळे डीलरच्या लबाडीचा भार कंपनीवर टाकता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून तक्रारीत कंपनी, डीलर आणि सर्व्हिस सेंटर या तिघांनाही सामील करावे, पण कोणी नेमके काय केले हे प्रत्येकाच्या नावापुढे वेगवेगळे लिहावे. ‘सगळे मिळून फसवतात’ एवढ्या वाक्यावर कोणीच अडकत नाही.

काय मागता येते?

कायद्याचे कलम ३९ आयोगाला बरेच अधिकार देते. दोष दूर करून देणे, गाडी बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे, नुकसानभरपाई देणे, अनुचित व्यापारी प्रथा थांबवणे असे आदेश आयोग देऊ शकतो. योग्य वाटल्यास दंडात्मक भरपाईही देता येते.

इथेच अनेक तक्रारदारांची गल्लत होते. पहिला बिघाड झाला की ‘नवी गाडी द्या’ अशी मागणी केली जाते. मारुती उद्योगच्या एका खटल्यात क्लचच्या तक्रारीवरून गाडी बदलून देण्याचा आदेश झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो रद्द केला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असेल आणि भाग बदलून प्रश्न सुटत असेल, तर पूर्ण गाडी बदलण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय. आजही कंपन्यांचे वकील सर्वांत आधी हाच निकाल पुढे करतात.

पण वारंवार दुरुस्ती करूनही दोष हटत नसेल, तर चित्र पालटते. फियाट कंपनीच्या गाडीच्या खटल्यात इंजिन बदलूनही ग्राहकाचे समाधान झाले नव्हते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे तोडगा काढला: स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाने गाडी तपासावी, आणि त्याला मूळचाच उत्पादन दोष आढळला तर कंपनीने गाडीची किंमत, आजीवन कर आणि हप्त्यांचे पैसे १२ टक्के व्याजाने परत करावेत. म्हणजे गाडी बदलून मिळण्याची किंवा पैसे परत मिळण्याची वाट बंद नाही. मात्र ‘हा दोष दुरुस्तीने जाणारा नाही’ हे दाखवावे लागते.

म्हणून मागणी पायऱ्यापायऱ्यांनी लिहावी. आधी गाडी बदलून देणे किंवा पैसे परत करणे. ते न जमल्यास सदोष भाग पूर्ण बदलून वाढीव वॉरंटी देणे. दोन्ही परिस्थितींत गाडी बंद असलेल्या काळातल्या प्रवासाचा खर्च, मनस्तापाची भरपाई आणि दाव्याचा खर्च.

जीव धोक्यात आणणारा दोष

दोषामुळे माणूस जखमी झाला किंवा दगावला, तर २०१९ च्या कायद्याचे सहावे प्रकरण लागू होते. ‘उत्पादन दायित्वा’ची तरतूद तिथे, कलम ८२ ते ८७ मध्ये आहे. उत्पादनात किंवा रचनेत दोष असेल, वस्तू दिलेल्या हमीप्रमाणे नसेल किंवा धोका टाळण्यासाठी पुरेशा सूचना दिलेल्या नसतील, तर उत्पादक भरपाईला जबाबदार ठरतो.

या संदर्भात २०२२ चा ह्युंदाई क्रेटाचा निकाल प्रत्येक वाहनमालकाने लक्षात ठेवावा असा आहे. २०१५ मध्ये घेतलेल्या गाडीला नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला. एअरबॅग उघडल्या नाहीत. मालकाच्या डोक्याला, छातीला आणि दातांना इजा झाली. एअरबॅग उघडण्याइतका जोर त्या धडकेत नव्हता, असा बचाव कंपनीने केला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. धडकेचा वेग आणि जोर यांचे गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ म्हणून ग्राहक गाडी घेत नाही. एअरबॅग आहेत असे सांगून गाडी विकली, तर समोरून जोरात धडक बसल्यावर त्या उघडतील असे त्याने समजणे साहजिकच आहे, ही न्यायालयाची भूमिका होती. गाडी बदलून देण्याचा आणि भरपाईचा दिल्ली राज्य आयोगाचा आदेश कायम राहिला. अपघाताने आणि न उघडलेल्या एअरबॅगने तिथे सगळे सांगितलेच होते, वेगळ्या तज्ज्ञाच्या मताची गरज उरली नव्हती.

जॉब कार्ड: खरा साक्षीदार

क्रेटासारखी उघड प्रकरणे थोडी असतात. बहुतेक खटल्यांत दोष सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो आणि तिथे सर्वांत मोलाचा कागद ठरतो तो जॉब कार्ड. तो नीट पाहा. त्यावर तारीख, वेळ आणि ओडोमीटरचा आकडा असतो, ग्राहकाच्या तक्रारीचा रकाना असतो आणि केलेल्या कामाचा रकाना असतो. तुम्ही काउंटरवर सांगता: "खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी एकदम पिकअप सोडते, इंजिनचा दिवा लागतो, बंद करून चालू केली की जातो." ॲडव्हायझर टाइप करतो: ‘जनरल चेकअप’. कामाच्या रकान्यात येते: ‘तपासले, ठीक आहे’. दोन वर्षांनी आयोगासमोर ही कार्डे ठेवली जातात, तेव्हा कंपनीचा वकील शांतपणे म्हणतो की, तक्रारदाराने पिकअपची तक्रार कधी केलीच नाही, गाडी नेहमीच्या देखभालीसाठी येत होती.

म्हणून सही करण्याआधी तक्रारीचा रकाना वाचा. तुमचे शब्द तिथे नसतील, तर दुरुस्त करून मागा. ॲडव्हायझर ऐकत नसेल, तर तिथेच उभे राहून सर्व्हिस सेंटरच्या आणि कंपनीच्या ईमेलवर तीन ओळी पाठवा: जॉब कार्ड क्रमांक, किलोमीटर, नेमकी तक्रार. गाडी परत घेताना ‘काम समाधानकारक’ अशा छापील मजकुराखाली सही मागतात. गाडी नीट झाली आहे की नाही हे चालवून पाहिल्याशिवाय सही देऊ नका. देणे भागच पडले, तर सहीजवळ ‘ट्रायल घेतलेली नाही, तक्रार कायम’ असे हाताने लिहा. ओटीपी सांगून गाडी सोडवायची असेल, तर त्याआधी हेच वाक्य मेसेजने पाठवा.

दिवा लागला की त्याचा फोटो, आवाज आला की व्हिडिओ, रस्त्यात बंद पडली की टोईंगची पावती जपून ठेवावी. डायग्नोस्टिक स्कॅनचा प्रिंटआउट आवर्जून मागावा. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी ईमेलने कळवावे. ठरलेल्या मुदतीत सर्व्हिसिंग करावे आणि बाहेरून वायरिंग कापून ॲक्सेसरीज बसवणे टाळावे, कारण ‘मालकानेच छेडछाड केली’ हा कंपनीचा आवडता बचाव असतो. हप्ते थांबवू नयेत. दोष गाडीचा असला तरी कर्जाचा करार बँकेशी असतो, आणि हप्ते थकले की गाडीही जाते आणि पतही.

खरेदीच्या वेळची काळजीही याच हिशेबातली. नोंदणी होण्याआधी गाडी दिवसाउजेडी तपासावी, चॅसी क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष कागदांशी ताडून पाहावे, ओडोमीटरचा फोटो काढावा. गोव्याच्या ग्राहकासारखा प्रसंग तिथेच टळतो.

आयोगाची पायरी

आधी कंपनी आणि डीलर यांना रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस पाठवावी. तारखांसह बिघाडांचा इतिहास, मागणी आणि उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत एवढे पुरते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तिथून विचारणा गेल्यावर काही कंपन्या हलतात. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे मार्गदर्शनही घ्यावे.

त्याने काम झाले नाही, तर आयोग. गाडीसाठी भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी असेल तर राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. म्हणजे तुमच्या-आमच्या बहुतेक गाड्यांचे प्रकरण जिल्ह्यातच दाखल होते. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली: तक्रारदार राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्या ठिकाणीही तक्रार करता येते. गाडी पुण्यात घेतली आणि मालक लातूरला राहत असेल, तर लातूरचा जिल्हा आयोग चालतो. शुल्क नाममात्र आहे. भरलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये, ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते.

मुदत मात्र कडक आहे: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. उशिराचे सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ करत दोन वर्षे सहज निघून जातात, आणि तोवर गाडी इतकी चाललेली असते की, मूळचाच दोष होता तर ती एवढी धावली कशी, असा प्रश्न येतो.

दोष उघड्या डोळ्यांना दिसणारा नसेल, तर कलम ३८ नुसार तांत्रिक तपासणीची मागणी तक्रारीसोबतच करावी. आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. हा खर्च टाळू नये. ओळखीच्या गॅरेजवाल्याची चिठ्ठी आणि पात्र अभियंत्याचा, निरीक्षणे आणि कारणे लिहिलेला अहवाल यांचे वजन एकसारखे नसते. निकाल लागेपर्यंत गाडी विकू नये. तपासायला गाडीच नसेल, तर पुरावा कसला?

समोरच्या पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. कायदा साध्या प्रकरणासाठी तीन महिने आणि तपासणी लागणाऱ्या प्रकरणासाठी पाच महिने सांगतो. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागतो, हे मनाची तयारी करून मान्य केलेले बरे. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध कंपनीला अपील करायचे असेल, तर आदेशातल्या रकमेपैकी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कलम ७२ मध्ये आहे.

टॅक्सी, टेम्पो आणि कंपनीची गाडी

व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. पण पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून रिक्षा, टॅक्सी किंवा टेम्पो घेणारा ग्राहकच आहे. तक्रारीत हे वाक्य स्पष्ट लिहावे. कंपनीच्या नावावर, पण संचालकाच्या वापरासाठी घेतलेली गाडी केवळ त्या कारणाने व्यापारी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मर्सिडीजच्या खटल्यात सांगितले.

एकाच मॉडेलचा दोष असेल तर

दोष शेकडो गाड्यांत असेल, तर लढाई एकट्याने लढण्याची गरज नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आले. पर्यावरणाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका ठरणारा दोष असेल, तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत मागवायला लावू शकते. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांच्या आतील वाहनांबाबत ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी होते. कंपनीला १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे रस्त्यात आग, ब्रेक निकामी होणे, स्टिअरिंग लॉक होणे असे प्रकार घडले, तर वाहन परत मागवण्याच्या सरकारी पोर्टलवर नोंद करणे हे इतरांच्या जिवासाठीही कर्तव्य आहे.

एकेका तक्रारीतून किती जोर तयार होतो, हे विजेवरच्या स्कूटरींच्या बाबतीत दिसले. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षात राष्ट्रीय हेल्पलाइनवर ओला इलेक्ट्रिकविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या. त्यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावली.

पोलिसांची वाट

‘फसवणुकीचा गुन्हा दाखल करतो’ असे रागाच्या भरात म्हटले जाते. बीएमडब्ल्यूच्या एका ग्राहकाने तसे केले. गाडी २००९ मध्ये घेतली, काही दिवसांतच दोष दिसला, गुन्हा नोंदला गेला. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करून नवी गाडी देण्यास सांगितले. कंपनी तयार होती, पण ग्राहकाला गाडी नको, व्याजासह पैसे हवे होते. अखेर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ५० लाख रुपये द्यायला लावून प्रकरण मिटवले. पंधरा वर्षे गेली. खोटी कागदपत्रे, बदललेला चॅसी क्रमांक, मागे फिरवलेले ओडोमीटर असेल, तर पोलिसांकडे जरूर जावे. निव्वळ यांत्रिक दोषासाठी ग्राहक आयोग हीच सरळ वाट आहे, आणि मधेच वाजवी तोडगा पुढे आला तर तो थंड डोक्याने तोलावा.

आपल्याकडे काय कमी आहे?

अमेरिकेत सदोष नव्या गाडीसाठी स्वतंत्र कायदे आहेत; ‘लेमन लॉ’ म्हणून ते ओळखले जातात. कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये असा कायदा केला. कॅलिफोर्नियात पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत, यांपैकी जे आधी होईल तोवर, एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती झाली, जिवाला धोका असेल तर दोनदा झाली, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त वर्कशॉपमध्ये राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असे कायदा गृहीत धरतो. तिथल्या मराठी कुटुंबांनी गाडी घेताना आपल्या राज्याचा हा नियम जरूर वाचावा.

भारतात असा आकडा कायद्यात कुठेच नाही. किती दुरुस्त्या म्हणजे पुरे झाले, हे प्रत्येक ग्राहकाला नव्याने सिद्ध करावे लागते. नोकरदार माणसाने दहा लाखांची गाडी घ्यायची आणि ती सदोष आहे हे सिद्ध करायला वर्षानुवर्षे तारखा मोजायच्या, हा अन्याय आहे. ठरावीक दुरुस्त्यांनंतर गाडी सदोष आहे असे गृहीत धरून ती सदोष नाही हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकणारी तरतूद आपल्या कायद्यात यायलाच हवी. ग्राहक संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी हा विषय लावून धरावा.

तोवर जे हातात आहे ते वापरा. आज तुमची नवी गाडी त्याच बिघाडासाठी दुसऱ्यांदा वर्कशॉपमध्ये असेल, तर खरेदीपासूनची सगळी जॉब कार्डे एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा, आजच एक ईमेल पाठवा, आणि खरेदीच्या तारखेपासून दोन वर्षे कधी पूर्ण होतात ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा.